कलम दोन : व्याख्या

मसुद्याचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं
तेव्हा मे महिना होता, सेहेचाळीस अंश,
कूलरची खस वाळून कोळ झालेली.
'चक्रीय अर्थव्यवस्था' हा शब्द तयारच होता, वरून आलेला.
'उगमस्थानी विलगीकरण', तोही.
मला फक्त व्याख्या लिहायची होती :
'कचरा म्हणजे –'
आणि त्या आडव्या रेघेपुढे
मी तीन दिवस बसून.

निनावे म्हणाला, साहेब, भांडेवाडीला चला एकदा.
घंटागाडी त्याची. मी पुढे बसलो,
मागे अख्खं लालगंज,
टरबुजाच्या सालींत रुतलेल्या गणिताच्या वह्या.

सगुणा नंदेश्वर पन्नी डोळ्यांनी ओळखत नाही.
चुरगाळून कानाशी नेते.
"कडक बोलते ते बिस्किटाची. मुकी हाये ते दुधाची.
दुधाचीले भाव हाये."
एक झाकण दाताखाली धरलं, थुंकली,
डाव्या पोत्यात टाकलं.
मी वहीत लिहिलं : श्रवणाधारित वर्गीकरण.
मग खोडलं.

विचारलं, बाई, कचरा म्हणजे काय?
"तुमाले नाई माहीत? तुमीच तं करता!"
मग घाम पुसत, जरा थांबून,
"आमच्याइकडे आला का तो कचरा नाई राहत.
पत्रा होते, काच होते, पुठ्ठा होते.
कचरा तं तुमच्या दारापासून गाडीपर्यंत असते.
तेवढाच."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी इतवारीत, गच्चीवर.
खालून पिवळी गेली, काळी गेली, मागे बडगे.
एक बडगा कचऱ्याचाच केलेला,
पन्न्यांचा झगा, टायरचं पोट.
आणि सगळं शहर एका गळ्यानं :
इडा-पिडा, रोगराई, घेऊन जा गे मारबत!
मीही ओरडलो. लहानपणापासून ओरडतो.
कुठे घेऊन जा,
हे तिला आम्ही कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या सकाळी तलावाच्या काठावर
राख अजून कोमट, आणि सगुणा
काठीनं उकरून तार काढून राहिली होती.
"बांबू जळते. कागद जळते. तार वाचते."
शहराची इडा-पिडा तिनं पोत्यात भरली,
गाठ मारली, इक्रामभाईच्या काट्यावर ठेवली.
तो म्हणाला, राख झटकून आण, वजन खोटं येते.

धोरण मंजूर झालं दिवाळीनंतर.
प्रकल्पाला पत्र्याची भिंत, भिंतीवर हिरवे बाण,
एकमेकांच्या शेपट्या धरून गोल फिरणारे.
आत सरकता पट्टा. फाटकावर अंगठा.
सगुणाचा अंगठा यंत्र घेत नाही.
तेवीस वर्षांच्या काचेनं, पत्र्यानं
ठसे केव्हाच घासून नेलेत.
गार्ड म्हणतो, पुन्हा लावा. ती पुन्हा लावते.
पदराला पुसून पुन्हा.

माझ्याच मसुद्यात, कलम नऊ, मी लिहिलं होतं :
'अनौपचारिक घटकांस सामावून घेण्यात यावे.'
यावे.
कोणी, ते मूळ इंग्रजीतही नव्हतं.

परवा गांधीबागेत दहा रुपयांचे फुटाणे घेतले.
पुडीवर ओळखीचं अक्षर, माझंच :
'कचरा म्हणजे दारापासून गाडीपर्यंत –'
त्यावर साहेबांची लाल रेघ,
समासात शेरा, भाषा सुधारा.
ऑफिसची रद्दी कुठून कुठून फिरून
मीठ-हळद लावून आली होती.

फुटाणे संपले. पुडी सरळ केली.
समोर डबे होते, एक निळा, एक हिरवा.
हळद लागलेला कागद ओला धरायचा की सुका,
कलम दोनमध्ये नाही.
चार घड्या घालून खिशात ठेवला.
सगुणाला विचारावं लागेल.
ती आता कुठे बसते,
निनावेला ठाऊक असेल.